टोळी की जमाव?

१८२८ साली जबलपूरच्या छावणीजवळ, बारा सिमला नावाच्या टेकडीवर, कॅप्टन विल्यम स्लीमन याला काही दगड झालेले मणके सापडले. आशियात डायनोसॉरची हाडे सापडल्याची ही पहिली नोंद. मणके एका अजस्र शाकाहारी प्राण्याचे होते आणि त्या प्राण्याला टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव मिळायला १८७७ साल उजाडले. पण स्लीमन आपल्याला आठवतो तो मणक्यांसाठी नव्हे, ठगांच्या बंदोबस्तासाठी. वाटमारी करणाऱ्यांना पकडायचे, त्यांतल्या काहींना माफीचे साक्षीदार करायचे, त्यांच्या जबान्यांवरून कोण कोणाचा भाऊ, कोण कोणाचा चेला याच्या वंशावळी मांडायच्या आणि विखुरलेल्या खुनांमागे एक टोळी उभी करायची, ही त्याची पद्धत. पुढे इतिहासकारांनी याच पद्धतीवर बोट ठेवले. ठिकठिकाणच्या, एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या लुटारूंना कंपनी सरकारने एकाच पंथाचा सांगाडा चढवला का, हा वाद अजून मिटलेला नाही. टोळी सिद्ध व्हायला नेमके काय लागते, हाच प्रश्न लाखो-कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या शिकारी प्राण्यांबद्दल विचारला की या पुस्तकाचा विषय सुरू होतो. फरक इतकाच की हाडांमधून माफीचा साक्षीदार फोडता येत नाही.

मराठीत या विषयावर लिहिण्याचा एक फायदा असा की शब्द आधीच वेगळे झालेले आहेत. मेलेल्या ढोरावर उतरतो तो गिधाडांचा जमाव. चरतो तो कळप. ताडोबात चितळामागे सुटते ती कोळसुंद्यांची टोळी. कोळसुंदे, म्हणजे आपले रानकुत्रे, एकत्र दिसतात म्हणून त्यांना टोळी म्हणत नाहीत. त्यांच्यातले सभासद एकमेकांना ओळखतात, शिकार मिळून करतात, पिल्ले बहुधा एकाच जोडीची असतात आणि ती बाकीचे सगळे सांभाळतात. शिकार पडली की पिल्लांना आधी खाऊ देतात, बिळातल्यांसाठी पोटातले मांस ओकून देतात. सांगलीजवळ कृष्णेच्या काठावर किंवा चिपळूणला वाशिष्ठीत चार-पाच मगरी एकाच पुळणीवर उन्हाला पडलेल्या असतात, त्यांच्यात यातले बरेचसे नसते. दोन्ही दृश्ये गाळात गाडली गेली आणि कोटभर वर्षांनी कोणी उकरली, तर दोन्हीकडे एकच चित्र मिळेल : एका जातीची, लहान-मोठ्या वयाची, शेजारी शेजारी पडलेली हाडे. माझे म्हणणे इतकेच आहे की अशा हाडांवरून सिद्ध होतो तो जमाव. टोळी म्हणायची तर वेगळा, जादा पुरावा आणावा लागतो. आणि गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत या क्षेत्रात जे काही मोलाचे घडले, ते या जादा पुराव्याच्या शोधात घडले.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डायनोसॉर म्हणजे थंड रक्ताचे, मंद, एकलकोंडे धूड अशी समजूत होती. १९६४ पासून अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात जॉन ऑस्ट्रम यांनी केलेल्या खोदकामाने ती मोडली. १९६९ मध्ये त्यांनी डायनोनिकस या प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. माणसाच्या कमरेएवढा उंच, चपळ आणि मागच्या पायाच्या एका बोटावर विळ्यासारखी नखी असलेला हा शिकारी. एकाहून अधिक डायनोनिकसांचे अवशेष आणि त्यांच्यासोबत टेनोंटोसॉरस नावाच्या, वजनाने कितीतरी पट मोठ्या शाकाहारी प्राण्याची हाडे एकाच ठिकाणी मिळाली होती. एवढ्याशा प्राण्याने एवढे जनावर पाडले, म्हणजे तो टोळीने शिकार करत असणार, असा तर्क निघाला. ऑस्ट्रम यांचे शिष्य रॉबर्ट बेकर यांनी उष्ण रक्ताच्या, चलाख डायनोसॉरचे चित्र जोमाने पुढे नेले, १९९० मध्ये मायकल क्रायटन यांची कादंबरी आली, १९९३ मध्ये स्पीलबर्गचा चित्रपट आला, आणि स्वयंपाकघरात लपलेल्या मुलांना हुडकणारी शिकारी डायनोसॉरची ती जोडगोळी जगभरच्या मुलांच्या डोक्यात कायमची बसली. गंमत अशी की ज्या लांडग्यांवरून ही टोळी बेतली गेली, त्या लांडग्यांबद्दलचीच समजूत तेव्हा चुकीची होती. बळाने पुढारीपण मिळवणारा म्होरक्या आणि त्याच्या धाकात राहणारे बाकीचे, हे चित्र रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये कोंडून ठेवलेल्या लांडग्यांवरून काढले होते. डेव्हिड मेक यांनी स्वतःच्या पुस्तकातून ते लोकप्रिय केले आणि १९९९ मध्ये स्वतःच दुरुस्त केले. रानातली टोळी म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची वाढती पोरे, एक कुटुंबच. म्हणजे डायनोसॉरला जे कपडे चढवले, ते लांडग्यालाही नीट बसत नव्हते.

संशयवाद्यांची फळी उभी राहिली ती २००० नंतर. २००७ मध्ये ब्रायन रोच आणि डॅनियल ब्रिंकमन यांनी डायनोनिकसच्या जागांचा पुन्हा विचार केला आणि लांडग्याऐवजी कोमोडोच्या घोरपडीकडे पाहायला सांगितले. या घोरपडी एका मढ्यावर गोळा होतात, आपसात भांडतात, प्रसंगी लहान घोरपडीला खातात. मग एका मढ्याभोवती सापडलेले डायनोनिकस हे शिकारीत पडलेले सवंगडी कशावरून, वाट्यावरून झालेल्या मारामारीत मेलेले परके कशावरून नाहीत? हा नुसता पर्यायी तर्क होता. त्याला रसायनाची जोड मिळाली २०२० मध्ये, जेव्हा जोसेफ फ्रेडरिकसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डायनोनिकसच्या लहान आणि मोठ्या दातांतल्या कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजले. दात घडताना प्राणी जे खातो त्याची खूण दातात राहते. कोळसुंद्यांसारखी व्यवस्था असेल तर पिल्लांनी आणि मोठ्यांनी एकच मांस खाल्लेले असणार आणि दातांतली खूणही जुळणार. ती जुळली नाही. लहानांचे खाणे वेगळे होते, मगरींच्या पिल्लांसारखे त्यांना आपापले पोट भरावे लागत होते. मला या सगळ्या क्षेत्रातले हे सर्वांत देखणे काम वाटते, कारण ते ‘टोळी’ या शब्दाच्या आत शिरते, त्यातला एक घटक वेगळा काढते आणि तेवढ्यापुरतेच उत्तर देते. मोठे डायनोनिकस कधी एकत्र शिकार करत नसत, असे यातून निघत नाही. पिल्लांना भरवणारे कुटुंब नव्हते, एवढे निघते.

आता बारा सिमल्याकडे परत येऊ, कारण भारतापुरता विचार केला तर ही जागा या वादाच्या मधोमध आहे आणि तरी वादात तिचे नाव क्वचित निघते. १९१७ ते १९१९ या काळात चार्ल्स मॅटले यांनी तिथे मांसाहारी डायनोसॉरच्या हाडांनी भरलेला एक थर शोधला. जर्मन जीवाश्मतज्ज्ञ फ्रीड्रिश फॉन ह्यूने यांच्याबरोबर त्यांनी १९३३ मध्ये जे वर्णन छापले त्यात इंडोसुकस, इंडोसॉरस, लेव्हिसुकस अशी नावांची रांगच आहे. एकाच थरात मोठे, लहान, अनेक मांसाहारी, तेही एकमेकांत मिसळलेले. लामेटा नावाने ओळखले जाणारे हे खडक नर्मदेच्या खोऱ्यापासून नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यापर्यंत, दख्खनच्या काळ्या पाषाणाखाली पसरलेले आहेत. चंद्रपूरच्या डोंगरगावला मिळालेला इसिसॉरस, पिसदुऱ्याला मिळालेली आणि गवताचे अंश पोटात बाळगणारी डायनोसॉरची विष्ठा, गुजरातेत रहियोलीला मिळालेला आणि २००३ मध्ये नाव पावलेला राजासॉरस, ही सगळी एकाच काळाची भावंडे. बारा सिमल्याला टोळी म्हणण्याचा मोह सहज होतो. पण २००४ मध्ये फर्नांडो नोव्हास, फेडेरिको अग्नोलिन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी ती हाडे पुन्हा तपासली तेव्हा निदान दोन वेगळी कुळे त्यात दिसली : अबेलिसॉर हे मोठे आणि नोआसॉर हे लहान. दोन कुळांची टोळी असत नाही. वाहत्या पाण्याने, किंवा काही काळ अनेक प्राण्यांना एका जागी ओढणाऱ्या कशाने तरी हा साठा केला, असे म्हणणे जास्त सुरक्षित. त्यात भर म्हणजे राजासॉरसचा जवळचा चुलत भाऊ, मादागास्करचा मजुंगासॉरस, आपल्याच जातीच्या हाडांवर दातांच्या खुणा सोडून गेला आहे. रेमंड रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये त्या ओळखल्या. जिवंत भाऊबंदाला मारून खाल्ले की मेलेल्याला, हे खुणा सांगत नाहीत. पण अबेलिसॉरांच्या कुळाबद्दल बोलताना ‘कुटुंबवत्सल’ हा शब्द जपून वापरावा, इतके नक्की.

बारा सिमल्याला १९२२ मध्ये आणखी एक माणूस खोदकाम करून गेला, अमेरिकेतल्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाचा बार्नम ब्राऊन. याच ब्राऊनने १९१० मध्ये कॅनडातल्या अल्बर्टात, रेड डियर नदीकाठी, अल्बर्टोसॉरस या मांसाहारी डायनोसॉरच्या हाडांचा साठा खोदला होता. बहुतेक पाय आणि पंजे घेऊन तो परतला आणि बाकीचे तिथेच राहिले. १९९० च्या दशकात फिलिप करी यांना संग्रहालयाच्या कपाटांत ते पाय दिसले. एका जातीचे इतके डावे-उजवे पाय कशासाठी, या साध्या प्रश्नावरून त्यांनी जागा पुन्हा हुडकली आणि किमान डझनभर प्राणी मोजले, पिल्लापासून पोक्तापर्यंत सर्व वयांचे. इथे एकच जात आहे, वयांचा कुटुंबासारखा पसारा आहे आणि शाकाहारी सावज जवळजवळ नाही. बारा सिमल्यापेक्षा हा पुरावा निःसंशय वरचढ. चपळ तरुणांनी सावज हाकायचे आणि ताकदवान थोरांनी पाडायचे, अशी कामाची वाटणी करी यांनी सुचवली. अर्जेंटिनातल्या मापुसॉरसचा २००६ मध्ये वर्णन झालेला साठा, युटामधल्या टेराटोफोनियसचा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला साठा, हे त्याच वळणाचे. उलट बाजूला युटाचीच क्लीव्हलंड-लॉइड खाण आहे, जिथे किमान सेहेचाळीस ॲलोसॉरस एका जागी आहेत आणि त्यांना टोळी म्हणायला फारसे कोणी धजत नाही. आटत चाललेल्या पाणवठ्याची ओढ बहुतेकांना जास्त पटते. मग अल्बर्टाच्या साठ्याला वेगळा न्याय का? पुरात एका उंचवट्यावर सगळे वाचायला आले आणि तिथेच मेले, ही शक्यताही जमेस धरलीच पाहिजे. कामाची वाटणी मला सुंदर कल्पना वाटते, पण हाडे तिथवर नेत नाहीत.

यावर पहिला आक्षेप असा येतो की ‘सिद्ध होईपर्यंत जमाव’ हा नियम तटस्थ नाही. एकटेपणा गृहीत धरणे हेही गृहीतकच. डायनोसॉरचे जिवंत नातेवाईक एकीकडे पक्षी आणि दुसरीकडे मगरी, आणि दोघेही आपण समजतो तितके एकलकोंडे नाहीत. अमेरिकेतला हॅरिस ससाणा खरोखर टोळीने ससे मारतो. व्लादिमीर डिनेट्स यांनी २०१४ मध्ये मगरी आणि सुसरींच्या एकत्रित शिकारीच्या नोंदी गोळा केल्या, त्यांत आपली साधी मगरही आहे. आक्षेप खरा आहे आणि मी तो मान्य करतो. पण त्याने सिद्ध काय होते? नातेवाइकांत टोळीची कुवत आहे, एवढेच. हॅरिस ससाण्याचे बहुतेक सगेसोयरे एकटे किंवा जोडीने शिकार करतात. एकाच कुळात दोन शेजारी जाती उलट वागतात. कुवत आणि सवय यांतले अंतर नात्यावरून भरून निघत नाही, म्हणून पुन्हा त्या त्या जागेच्या पुराव्याकडेच यावे लागते.

दुसरा आक्षेप जास्त जुना आणि जास्त लोकप्रिय : सावज शिकाऱ्याहून फार मोठे असेल तर टोळीशिवाय निभणार कसे? याला उत्तर द्यायला न्यूझीलंडइतकी चांगली जागा नाही. इथे माणूस येण्यापूर्वी वटवाघळे सोडली तर जमिनीवर सस्तन प्राणी नव्हते. वाघ-लांडग्याची जागा एका गरुडाने घेतली होती. ग्लेनमार्कच्या दलदलीतून मिळालेल्या हाडांवरून यूलियस फॉन हास्ट यांनी १८७१-७२ च्या सुमारास त्याचे वर्णन केले आणि तो हास्टचा गरुड म्हणून ओळखला जाऊ लागला. माओरी परंपरेतल्या पोउआकाई आणि होकिओई या प्रचंड पक्ष्यांशी त्याचे नाते जोडले जाते. मोठी मादी पंधरा किलोच्या आतबाहेर, सावज मोआ हा न उडणारा पक्षी, ज्याच्या सर्वांत थोर माद्या दोनशे किलोंच्या वर जात. मोआच्या कटीच्या हाडांत नख्या घुसल्याच्या खुणा सापडल्या आहेत आणि त्या एका पक्ष्याच्या पंजाच्या पकडीशी जुळतात. स्वतःहून दहा-पंधरा पट जड प्राणी पाडायला त्याला टोळी लागली नाही. २००५ मध्ये डीएनएवरून कळले की त्याचे जवळचे नातेवाईक म्हणजे ऑस्ट्रेलियातला छोटा गरुड आणि बूटेड ईगल, जो हिवाळ्यात महाराष्ट्राच्या माळरानांवर घिरट्या घालताना दिसतो आणि जेमतेम किलोभर भरतो. २०२१ च्या एका अभ्यासाने कवटी आणि नख्यांची तुलना करून दाखवले की हा पक्षी मारत होता गरुडासारखा आणि खात होता गिधाडासारखा, आत डोके खुपसून. मग एका मोआवर तीन-चार गरुड उतरत होते का? उतरत असतील. तो पुन्हा जमावच.

आवाज आणि जखमा या पुराव्याच्या दोन नव्या वाटा. लॉस एंजेलिसच्या ला ब्रेआ डांबरखड्ड्यांत हजारो ‘भयावह लांडगे’ (डायर वुल्फ) आणि त्यांच्या खालोखाल स्मायलोडन हे तलवारदाती मार्जार अडकून मेले. ख्रिस कार्बोन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये आफ्रिकेतल्या अनुभवाचा आधार घेतला : तिथे संकटात सापडलेल्या जनावराचा आवाज भोंग्यावरून ऐकवला की धावून येतात ते मुख्यतः सिंह आणि तरस, म्हणजे समूहाने राहणारे. डांबरात अडकलेल्या सावजाच्या ओरडण्यालाही तेच आले असणार, म्हणून स्मायलोडन समूहाने राहात असावा. युक्तिवाद चतुर आहे. मात्र जी जात मुळात संख्येने जास्त ती खड्ड्यातही जास्त सापडणार, हे त्याचे दुबळे अंग. दुसरी वाट जखमांची. २०२१ मध्ये मैरिन बालिसी आणि सहकाऱ्यांनी जन्मतः खुब्याचा दोष असलेला, तरी पूर्ण वाढलेला स्मायलोडन दाखवला आणि कोणीतरी त्याला खाऊ घातले असावे असे सुचवले. ऑकलंडच्या संग्रहालयात २०२२ मध्ये पीटर आणि बार्बरा नावाचे दोन टायरॅनोसॉरस शेजारी शेजारी उभे केले होते. त्यांतल्या बार्बराच्या पायाला मोठी दुखापत होऊन ती भरून आलेली दिसते. पाहणाऱ्याच्या मनात लगेच शुश्रूषा उभी राहते. नावांनी तर जोडपेच करून टाकले आहे, एकाच्या हाडांची दुसऱ्याच्या हाडांशी गाठ संग्रहालयातच पडलेली असली तरी. लंगडा बिबट्याही गावाच्या कडेने कुत्री मारत वर्षानुवर्षे जगतो. भरलेली जखम सांगते की प्राणी जगला. त्याला कोणी जगवले, हे ती सांगत नाही.

माझ्या मते सर्वांत वजनदार पुरावा पावलांचा. हाडांचा साठा शतकानुशतके भरत जाऊ शकतो, ओल्या चिखलातली पावले मात्र काही तासांची असतात. चीनच्या शांडोंग प्रांतात डायनोनिकसच्या कुळातल्या प्राण्यांच्या सहा समांतर माळा मिळाल्या आहेत, कोणतीही माळ दुसरीला छेदत नाही. २०१४ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातून तीन टायरॅनोसॉरांच्या, एकाच दिशेने गेलेल्या, जवळपास सारख्या खोलीच्या माळा प्रसिद्ध झाल्या. किनाऱ्याची अरुंद पट्टी सगळ्यांनाच एका दिशेला वळवते, हा आक्षेप इथेही आहे, पण माळांमधले राखलेले अंतर त्याने समजत नाही. हे प्राणी सोबत चालले, असे मी इथे बिनधोक म्हणेन. सोबत मारत होते का, ते चिखलात उमटलेले नाही.

हा सगळा काथ्याकूट आजच कशासाठी? एप्रिल २०२५ मध्ये कोलोसल या अमेरिकी कंपनीने भयावह लांडगा परत आणल्याची घोषणा केली. प्रत्यक्षात ती करड्या लांडग्याची पिल्ले आहेत, जनुकांत वीस ठिकाणी बदल केलेली. त्याच वर्षी मोआही परत आणण्याचा संकल्प जाहीर झाला, म्हणजे गोष्ट न्यूझीलंडच्या दारात आली. भयावह लांडगा करड्या लांडग्यापासून पन्नास लाखांहून जास्त वर्षांपूर्वी वेगळा झाला, असे २०२१ च्या डीएनए अभ्यासाने सांगितले होते. तेव्हापासून ‘लांडगा तो लांडगा, टोळीनेच राहणार’ हे गृहीतही सैल झाले आहे. केसांचा रंग आणि जबड्याचा आकार जनुकांतून आणता येईल. टोळीने कसे राहायचे ते पिल्लू मोठ्यांकडून शिकते, आणि शिकवणारे उरलेले नाहीत. ते प्राणी कसे राहात होते हेच ठाऊक नसेल, तर परत आणले म्हणजे काय आणले, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारा नाही.

हे लिहिले जात आहे त्या ऑकलंडच्या हेन्डरसनमधून पश्चिमेला दिसणारे वाइटाकेरेचे डोंगर सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचे, सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. दोन्हीकडचा मराठी वाचक थिजलेल्या आगीवर उभा आहे. सह्याद्रीकडच्याच्या पायाखाली मात्र डायनोसॉरच्या काळातले खडक आहेत, हेन्डरसनच्या डोंगरांना तेवढे वयच नाही. या पुस्तकाने दोघांनाही धरून लिहायचे ठरवले आहे. ते प्राण्यांच्या यादीने चालत नाही, पुराव्याच्या जातीने चालते : साठे, दात, जखमा, पावले, मेंदूच्या पोकळ्या, नातेवाईक. प्रत्येक ठिकाणी कोणता शब्द परवडतो ते आधी ठरवते आणि मगच प्राण्याचे चित्र काढते. त्यामुळे काही वाचकांचा हिरमोड होईल. पानोपानी झुंडी धावत सुटणार नाहीत. बारा सिमल्यासाठी राखलेला मजकूर मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ती हाडे काही लंडनला गेली, काही कोलकात्याला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे राहिली, आणि त्यांतली कित्येक आज हाती लागत नाहीत. जी आहेत त्यांच्या काटछेदांतून वये काढता येतील, दातांतला कार्बन मोजता येईल, गाळाचे कण पाहून थर एका दिवसाचा की हजार वर्षांचा ते ठरवता येईल. लामेटाचे खडक जबलपूरहून निघून थेट चंद्रपूरपर्यंत आलेले आहेत, आणि पावसाळ्यानंतर शेतांच्या बांधांवर त्यांचे तुकडे अजून उघडे पडतात.

हेन्डरसन, ऑकलंड